दोनदा चमकतो

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि हे नाव ज्याने ठेवलं त्याने नीट पारखून ठेवलं होतं. चहा उभ्याने, फोन चालता चालता, भांडण जिन्यात. अशा बाईने पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ काढावा आणि दिवसभर दुसऱ्यांना “हलू नका” म्हणून दटावावं, याला काय म्हणायचं? पण काढला होता, आणि बरा चालला होता.

त्या दिवशी भिंगरी नेहमीपेक्षा जास्तच गरगरत होती. घरात दोन फ्लॅश आले होते आणि दुकान बंद व्हायच्या आत त्यातला एक परत करायचा होता.

झालं होतं असं, की स्टुडिओच्या चार भिंतींबाहेरचं पहिलं मोठं काम तिच्याकडे चालून आलं होतं. दगड घडवणाऱ्या एका कारखान्याला आपल्या कारागिरांचे फोटो हवे होते. आवारातच, हातात छिन्नी, मागे दगडांचे ढीग, भर उन्हात. सूर्य डोक्यावर असला की माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, आणि तो घालवायला फ्लॅश लागतो. तिच्या स्टुडिओतले दिवे भिंतीतल्या विजेवर चालणारे; दगडांच्या ढिगात वीज कुठून आणणार? बॅटरीवरचा हवा. शिवाय उन्हाला पुरून उरेल असा हवा, एकटीने उचलता येईल असा हवा आणि परवडेल असा हवा. हे सगळं एका डब्यात बसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

फोटोच्या सामानाच्या दुकानदाराला सगळे मामा म्हणत. गिऱ्हाइकाला मामा बनवतात ते मामा, अशी त्यांची थट्टा व्हायची, पण माणूस सरळ. “दोन्ही घेऊन जा,” ते सकाळी म्हणाले होते. “वापरून बघ आणि आजच काय तो निकाल लाव. नाहीतर पुढच्या वर्षीपर्यंत माझ्या दुकानात येरझाऱ्या घालशील.”

एक काळा, एक करडा. काळा हलका, देखणा आणि शहाणा. समोर किती उजेड टाकायचा ते स्वतःच ठरवणारा. करडा त्याच्या निम्म्या किमतीचा, वजनाला जड आणि डोकं अजिबात नसलेला. त्याची चकती आपण फिरवायची, चुकलं तर आपलं चुकलं. काळ्याची बॅटरी लवकर उतरे, करड्याची टिके; पण करडा एकदा चमकला की पुन्हा तयार व्हायला वेळ खाई. काळा परवडत नव्हता, पण हप्ते बांधले तर परवडलाही असता. तिने काळा पक्का केला, मग करडा, मग पुन्हा काळा. तळ्यात की मळ्यात, काही संपेना. शेवटी तिने दोन्ही गच्चीवर नेले आणि खाली हाक मारली.

“बाबा, वर या. घटकाभर कारागीर व्हायचंय.”

“व्हायचंय काय? होतोच की मी,” म्हणत बाबा कठड्याला धरून जिना चढून आले.

बाबा वेल्डर होते. आता काम सुटलं होतं आणि सगळा कारभार एका डोळ्यावर चालला होता. उजवा डोळा गेल्या वर्षी गेला, आणि तो ठिणगीने नव्हे. आतला पडदा सुटला. सुटायच्या आधी बरेच दिवस डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, पण बाबा कुणाला बोलले नाहीत. लेकीच्या स्टुडिओचं उद्घाटन तोंडावर आलं होतं, उगाच कशाला तिच्या जिवाला घोर? बोलले तेव्हा उशीर झाला होता. डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी डाव्या डोळ्यापुरती सक्त ताकीद दिली होती. “यात काही चमकलं, एकदा जरी, तरी त्याच दिवशी इथे यायचं. त्या दिवशी आलात तर वाचवता येतो. थांबलात तर मी काही करू शकणार नाही.” तेव्हापासून भिंगरी रोज सकाळी विचारी, “चमकलं का काही?” आणि बाबा रोज म्हणत, “नाही गं.” आई चार दिवस मावशीकडे गेली होती, त्यामुळे सध्या आईच्या वाटचंही तीच विचारत होती.

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. तिने स्टूल मांडलं, बाबांना उन्हाकडे पाठ करून बसवलं, हातात हातोडा दिला. काळा फ्लॅश स्टँडवर चढवला आणि वाऱ्याने पडू नये म्हणून स्टँडच्या पायाला वीट बांधली. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला, त्याच्या खिडकीला डोळा लावला आणि बटण दाबलं.

फोटोत बाबांचे डोळे मिटलेले.

पुन्हा दाबलं. पुन्हा मिटलेले. तिने बाबांना थोडं वळवलं, फ्लॅश मागे घेतला, पुढे आणला. प्रत्येक फोटोत बाबा आपले ध्यानाला बसलेले.

“बाबा, डोळे उघडे ठेवा ना!”

“उघडेच आहेत.”

“मग फोटोत मिटलेले कसे?”

“तुझं यंत्रच तसं आहे. आमचा काय दोष?”

“नाचता येईना अंगण वाकडं,” ती पुटपुटली आणि स्टँड उगाचच तिसऱ्यांदा हलवलं. उद्या तिकडे सगळेच कारागीर असे मिटून बसले तर? पहिलं काम तेच शेवटचं व्हायचं.

“अगं, दोनदा चमकतो ना तो,” बाबा समजुतीने म्हणाले. “एक बारीक, एक मोठी. बारकीला माझा डोळा मिटतो आणि मोठी येते तेव्हा मिटलेलाच असतो. वेल्डरचा डोळा आहे तो, ठिणगी दिसली की मिटणारच.”

भिंगरी जागच्या जागी थांबली. हे तिच्या बाबतीत क्वचित घडे.

दोनदा? तिने तर दर वेळी एकदाच पाहिलं होतं. कॅमेऱ्याच्या खिडकीतून, डोळा चिकटवून, दर वेळी नीट पाहिलं होतं. एक चमक, मग क्षणभर अंधार, की फोटो तयार. दुसरी चमक नव्हतीच. मग बाबांना ती कुठे दिसत होती?

उजव्या डोळ्याची सगळी कथा तिच्यासमोर नव्याने उभी राहिली. हॉस्पिटलातली ती बाकं, डोळ्यावरची पट्टी, घरी आल्यावर बाबांनी पेल्याच्या बाजूला ओतलेलं पाणी. आता डावा. डावा गेला तर बाबांपुढे काहीच उरणार नव्हतं.

“दोनदा? नक्की?” तिने विचारलं.

बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी हातोडा मांडीवर ठेवला. “एकदाच असेल. ऊन किती आहे बघ. डोळ्यापुढे काहीही दिसतं उन्हात.”

“असेल म्हणजे काय? एकदा की दोनदा?”

“एकदाच गं. एकदाच.”

तिचा विश्वास बसेना आणि न बसवूनही चालेना. तिने काळा उतरवून करडा चढवला, चकती अंदाजाने फिरवली, बटण दाबलं. “किती?” “एकदा.” फोटोत डावा डोळा टक्क उघडा, बुबुळात उजेडाचा ठिपका. तिने परत काळा लावला. “किती?” “एकदा.” फोटोत डोळे घट्ट मिटलेले. म्हणजे बाबांचं तोंड एक सांगत होतं आणि फोटो दुसरंच. दुखणं डोळ्यात असतं तर करड्याच्या वेळी डोळा उघडा कसा? आणि दुखणं नसेल तर दोनदा काय चमकलं? एरवी तिने यातून काहीतरी अर्थ लावला असता, पण डोकं ठिकाणावर कुणाचं होतं? तिने गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत डॉक्टर बाईंच्या दवाखान्यात फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिकडे कुणीतरी बोलतच होतं.

“खाली चला. तसंच जाऊ.”

“कुठेही जाणार नाही मी,” बाबा चिडले. “तुझं यंत्र दोनदा चमकतं आणि इलाज माझा करणार? ये, तू बस इथे. बटण मी दाबतो. रोज दुसऱ्यांना बसवतेस, एकदा स्वतः बसून बघ.”

ती बसली. स्टूल तापलं होतं. बाबा ट्रायपॉडमागे गेले, चाचपून बटण शोधलं आणि दाबलं.

बारीक चमक. आणि तिच्या पाठोपाठ, श्वास घ्यायलाही वेळ न देता, मोठी.

“परत!” ती ओरडली.

परत दोनदा. अगदी स्पष्ट. ती स्टुलावरून उठली, बाबांच्या गळ्यात पडली आणि हसत सुटली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने मामांना फोन लावला.

“चमकणारच की दोनदा!” मामा म्हणाले. “काळा शहाणा आहे ना. आधी बारीक चमकून अंदाज घेतो, मग खरा उजेड टाकतो. बहुतेकांना कळतही नाही. ज्यांची पापणी चपळ, त्यांचे डोळे मिटतात.”

“पण मला एकच दिसत होती!”

“तुला दुसरी दिसायचीच नाही. फोटोच्या क्षणी कॅमेऱ्यातला आरसा वर जातो, खिडकीत अंधार होतो. काळ्यालाही हाताने चालवता येतं म्हणा, पण मग त्या शहाणपणाचे जादा पैसे कशाला मोजायचे? करडा ठेव.”

“हे सकाळीच सांगायचं होतंत, मामा!”

“तू दुकानात उभी राहिली असतीस तर सांगितलं असतं.”

निकाल लागला. करडा तिचा झाला आणि काळा डब्यात गेला. बाबा आरामात स्टुलावर बसून सदऱ्याने वारा घेत होते. जिंकलेल्या माणसासारखे दिसत होते.

“मग मघाशी एकदाच का म्हणालात?” काळ्याची कॅमेऱ्याला जोडायची वायर गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं. “दिसत दोनदा होतं ना?”

“तुझं तोंड बघितलंस का तेव्हा? पांढरंफटक पडलं होतं. ते बघून कोण म्हणेल दोनदा?” आणि बाबा हसले.

भिंगरी हसली नाही. वायर तिच्या हातात तशीच राहिली. डोळा शाबूत होता, पण तो सांभाळणारा माणूस तिच्या तोंडाकडे बघून खोटं बोलत होता, तेही असं सहज, हसत. रोज सकाळी ती हेच तोंड घेऊन त्यांच्यासमोर जात होती. मग त्या रोजच्या “नाही गं”ला काय किंमत होती? आधी तिला राग आला, आणि मग मघाच्यापेक्षाही जास्त भीती वाटली.

ओरडावं, शपथ घालावी, आईला फोन लावून द्यावा, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. त्याने काय झालं असतं? बाबांनी ती शपथही हसत घेतली असती. तिने वायर खाली ठेवली, करडा स्टँडवर चढवला, कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून हातात घेतला आणि डोळ्याला लावला.

“बसा नीट. शेवटचा.”

बाबांनी हातोडा उचलला.

“बाबा, आता माझं तोंड दिसतंय?”

“नाही. कॅमेरा दिसतोय नुसता.”

“मग आता सांगा. चमकलं का काही?”

खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिची चाकं खडखडत लांब गेली. खिडकीतून तिला त्यांचा चेहरा जवळून दिसत होता. हातोड्याच्या दांड्यावरून अंगठा फिरत होता.

“सकाळी,” ते म्हणाले. “दाढी करताना. इकडे, कानाच्या बाजूला. मग तू ही यंत्रं घेऊन आलीस. म्हटलं, यांच्या चमकण्यात ते खपून जाईल.”

खिडकीतला बाबांचा चेहरा हलायला लागला. तिने कोपरं छातीशी दाबून धरली.

“किती वेळा?” गिऱ्हाइकाला ‘किती कॉप्या काढू?’ विचारायचा जो तिचा आवाज होता, तोच तिने लावला.

“दोनदा. तीनदा म्हण.”

“बरं. आजचंच आहे म्हणजे. चप्पल घाला, आत्ता जाऊन दाखवून येऊ.”

“तुझा फोटो?”

“आल्यावर काढू.”

बाबा उठले, हातोडा स्टुलावर ठेवला आणि चप्पल पायाने चाचपत जिन्याकडे निघाले. त्यांची पाठ पूर्ण वळेपर्यंत तिने कॅमेरा तोंडासमोरून खाली घेतला नाही.