रोज दहा मिनिटं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना कंपनीने एका सकाळी बसवून सांगितलं, यापुढे ग्राहकांशी इंग्रजीत बोलायचं. शिकवायला आलेल्या बाईंनी सवयीही सांगितल्या. आरशासमोर बोला, हातातलं काम इंग्रजीत सांगत सांगत करा, आणि घरच्या माणसाशी रोज दहा मिनिटं फक्त इंग्रजी.

पहिल्या दोन सवयी आमच्या मिस्त्रींनी लगेच अंगवळणी पाडून घेतल्या. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक आजोबा घामाघूम, आणि वरून आवाज, "नाऊ आय ॲम ओपनिंग द पॅनल. नाऊ आय ॲम लुकिंग फॉर द स्क्रू." आजोबा ओरडले, "अहो, स्क्रू मागाहून शोधा, आधी मला बाहेर काढा!" मिस्त्रींना हसू आवरेना. ही गंमत घरी सांगावी असं वाटलं आणि घरी कुणी नाही, हेही लगेच आठवलं.

तिसरी सवय तिथेच अडत होती. बायको वारून बरेच दिवस झाले होते. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात एकटी. दोघांचे फोन व्हायचे, पण "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" "झालं." "बरं, ठेवते." संपलं. आधी फोनवर बोलायची ती आई. हे शेजारी पेपर चाळत बसायचे आणि शेवटी म्हणायचे, "मीही विचारलंय म्हणून सांग."

शेवटी त्यांनी भीत भीत मुलीला विचारलं, "इंग्रजी बोलायला कुणीतरी हवंय. तुला वेळ असला तर."

"चालेल. पण मराठी शब्द आला की मी फोन ठेवणार हं, बाबा." ही मास्तरकी थेट आईकडून आलेली.

मग रोज संध्याकाळी फोन. तिच्या ऑफिसच्या खिडकीतून काय दिसतं, आज कोणती लिफ्ट रुसली. मोडकंतोडकं का होईना, बोलणं होत होतं. आजोबांची गोष्ट ऐकून ती पोट धरून हसली. ते हसू त्यांना पुढे किती दिवस पुरलं.

कंपनीच्या बाई पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं आता छान झालंय, सरावाची गरज नाही." मिस्त्रींना वाटलं, मुलीला हे कळलं तर उद्या फोन कशासाठी करायचा? त्यांनी तिला सांगितलंच नाही. उलट चार चुका जास्तच करू लागले.

एका संध्याकाळी बोलता बोलता ते विचारून गेले, "आर यू हॅपी?" मराठीत हा प्रश्न त्यांच्या तोंडून सात जन्मांत निघाला नसता.

ती म्हणाली, "नाही, बाबा."

मराठीत. पण फोन तिने ठेवला नव्हता.

"इथे माझं कुणीच नाही हो. दिवसभरात मनापासून बोलते ते एवढंच."

"माझं इंग्रजी कधीच सुधारलंय गं," ते कसंबसं म्हणाले.

"माहितीये मला."

इंग्रजीचा सराव झाला होता, मराठीचा राहूनच गेला होता. मग त्यांनी आपलं नेहमीचंच विचारलं, "जेवलीस का?"

"नाही."

"मग वाढून घे. मीही घेतो. फोन ठेवू नकोस."