मी मोजलेच नव्हते

मित्रांनो, मी एक जुना गायगर काउंटर आहे. चिखलीजवळच्या एका महाविद्यालयात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात राहतो. डोळ्यांना न दिसणारे कण मोजणे हे माझे काम. माझ्या नळीत एक कण शिरला की मी एकदा 'टिक्' करतो आणि खिडकीतला लाल आकडा एकाने वाढतो. मला एवढेच येते. पण एवढेसुद्धा ज्यांना माझ्याकडून करून घेता आले नाही, अशा माणसांत माझे बरेचसे आयुष्य गेले. त्यांच्याविषयी गोड बोलण्याचे मला काही कारण दिसत नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. एका मुलीने भिंग डोळ्याला लावून माझे कथिलाचे तीनशेच्या वर टाके डागले. गवताच्या पेंढ्यात गुंडाळून मला रेल्वेने नांदुऱ्याला पाठवले आणि तिथून मालमोटारीने इकडे आणले. तेव्हा इथे अर्जुनराव नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वतः माझी पेटी उघडली, पेंढा निवडून काढला आणि पहिल्याच दिवशी मला चालू केले. त्यांच्या वर्गात प्रत्येक विद्यार्थी स्वतः मोजायचा. दोन वह्यांत एकच आकडा दिसला की अर्जुनराव दोन्ही वह्या परत करायचे. "किरण तुमच्या दोघांच्या ओळखीचे आहेत का रे?" असे विचारायचे. ती माझी चांगली नऊ वर्षे.

मग ते निवृत्त झाले आणि चंद्रशेखर सर विभागप्रमुख झाले.

एका उन्हाळ्यात वीज अचानक जोरात आली आणि माझ्या पोटातला एक रेझिस्टर जळाला. नळीला साडेचारशे व्होल्ट मिळायचे, ते बंद झाले. माझा दिवा लागायचा, खिडकीत तीन शून्ये उजळायची, पण मी मोजू शकत नव्हतो. मला वाटले, आता कोणीतरी विचारील. जूनमध्ये नवे विद्यार्थी आले. त्यांनी मला चालू केले, घड्याळ लावले, एक मिनिट माझ्यासमोर उभे राहिले आणि वहीत लिहिले, ४१२.

हे कसे घडले ते सांगतो. जर्नल म्हणजे प्रयोगांची वही. ती पूर्ण करून सरांची सही घेतल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. अर्जुनरावांच्या काळातले एक सुबक जर्नल कपाटात माझ्या शेजारीच ठेवलेले होते. त्याला सगळे 'मास्टर' म्हणत. सर वर्गात सांगायचे, "मास्टर बघा, फक्त शेवटचा आकडा एक-दोनने बदला." मुले बदलायची. ४११, ४१३, ४१२. मास्टरमधले आकडे मुळात खरे होते, चांगले वरखाली होते. पण वर्षानुवर्षे एकमेकांच्या वह्यांवरून नकलणाऱ्यांना ते चढउतार खुपले असावेत. त्यांनी ते घासून गुळगुळीत केले. अकरा वर्षे मी एकही कण मोजला नाही, आणि अकरा वर्षे माझ्या नावावर दीडशेहून जास्त जर्नले सही होऊन गेली. मी मेलो आहे हे कळण्यासाठी माझ्याकडे एकदा नीट पाहावे लागले असते. तेवढे कष्ट कोण घेणार?

पूजा मात्र चुकली नाही. खंडेनवमीला प्रयोगशाळेतले परिचर उकंडराव आम्हा सगळ्या यंत्रांना टेबलावर मांडायचे. हळद, कुंकू, झेंडूचा हार. कुंकवाचे बोट माझ्या खिडकीच्या काचेवर टेकवायचे, म्हणजे आकडे दिसायचे तेवढेही दिसू नयेत. मग सर नारळ फोडायचे. यंत्राला हात जोडायचे आणि यंत्राला हात लावायचा नाही, अशी इथली रीत.

दोन हजार दहा साली शेवटच्या वर्षाला दीपमाला आली. अमडापूरहून रोज एसटीने यायची. तिचे वडील धम्मरत्न घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे उतरवायचे. घराला कुलूप असेल तर ते 'घर बंद' लिहायचे, अंदाजाचा आकडा टाकायचे नाहीत. त्यावरून साहेबांची बोलणीही खायचे. मुलगी त्यांच्यासारखीच होती. तिला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करायची होती, त्यासाठी देशपातळीवरची प्रवेश परीक्षा ती देऊन बसली होती. मध्ये फक्त एक गोष्ट उभी होती, बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष. आणि त्यात माझा प्रयोग.

तिने मला चालू केले. किरणांचा उगम असलेली, शेकडो वर्षांतही फारशी न मंदावणारी छोटी चकती नळीसमोर ठेवली. एक मिनिट थांबली. शून्य. पुन्हा एक मिनिट. शून्य. असे पाच वेळा केले आणि जर्नलात पाच वेळा शून्य लिहिले. खाली एक ओळ लिहिली, "उपकरण मोजत नाही."

सरांनी ते पान पाहिले.

"हे काय आहे?"

"रीडिंग आहे सर."

"शून्य? एवढ्या वर्षांत कोणाचं शून्य आलं नाही, तुझंच कसं आलं?"

"एवढ्या वर्षांत कोणी पाहिलं का सर?"

मागे दोन मुले हसली. सरांनी जर्नल मिटून टेबलावर टाकले. "सही होणार नाही. मास्टर घे अन् पानं पुन्हा लिही."

उकंडरावांना कारण लगेच सापडले. "हे खंडेनवमीले मागं उभी होती. हात नाही जोडले तिनं. तुम्ही लोकं काही मानतच नाही, मंग मशीन रुसन नाही तं काय?"

मित्रांनो, मी रुसलो नव्हतो. माझा रेझिस्टर जळाला होता. आणि तो जळाला तेव्हा ही मुलगी तिसरी-चौथीत असेल.

दीपमाला म्हणाली, "काका, दुरुस्त करून पाहू का?"

"बाहेर न्याची नाही. रजिस्टरात चढेल वस्तू हाय ते."

म्हणून तिने दुरुस्ती करणाऱ्यालाच आत आणले. चिखलीच्या बसस्टँडमागे शकूरभाई रेडिओ, मिक्सर आणि विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायचे. ते आले, चपला बाहेर काढल्या आणि माझे झाकण उघडले. मीटरचे टोक इकडेतिकडे लावून पाहिले.

"किती दिवसांपासून बंद हाय ही?"

"जर्नलं पाहिली तर अकरा वर्षं वाटतात," दीपमाला म्हणाली. जुन्या वह्यांचा गठ्ठा तिने आदल्या दिवशी चाळला होता.

शकूरभाईंनी हातातली टाके डागायची डागणी खाली ठेवली. "अकरा? अन् कोणाले समजलंच नाही? आमच्या मोहल्ल्यात एक दिवस मिक्सर बंद राह्यला ना बेटी, तं बाया दुकानात येऊन माहा बाप काढतात. अन् हे शास्त्रज्ञ लोकं!"

उकंडराव दारात उभे होते. म्हणाले, "तू आपलं काम कर बे शकूर."

"काम तं मी करूनच राह्यलो, उकंडरावभाऊ. तुमचं काय चालू हाय ते इचारून राह्यलो."

जळलेला रेझिस्टर त्यांनी चिमट्याने काढला आणि तसाच एक खिशातल्या डबीतून काढून डागला. अर्धा तासही लागला नाही. झाकण लावले, कळ दाबली.

टिक्.

मग थोडा वेळ काही नाही. मग टिक्, टिक्. अकरा वर्षांनी मी पहिला कण मोजला. उकंडरावांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. शकूरभाईंनी काम केले होते, पण नमस्कार मला.

दीपमालाचे लक्ष त्यांच्याकडे नव्हते. "चकती तर अजून डबीतच आहे," ती म्हणाली. "मग हे काय मोजतोय?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. पुस्तकात त्याला 'पार्श्वभूमीची गणना' म्हणतात आणि ती वजा करून विसरून जायची असते. तिने ती मोजली. मिनिटाला सरासरी बावीस. मग कपाटातल्या शिशाच्या विटा काढून माझ्या नळीखाली, चारी बाजूंनी आणि वरूनही रचल्या. जमिनीतून, भिंतीतून येणारे किरण अडले. गणना उतरली, पण बारावर येऊन थांबली. आणखी विटा ठेवल्या, तरी बाराच्या आसपासच. ती तीन दिवस या बारांच्या मागे होती. ग्रंथालयात शोधल्यावर तिला कळले की ते आकाशातून येणारे मुऑन नावाचे कण आहेत. वातावरणाच्या वरच्या थरात जन्मतात, गच्ची, स्लॅब आणि शिसे भेदून माझ्यापर्यंत पोहोचतात. त्या दिवशी ती स्टुलावर बसून नुसती ऐकत होती. तिने पुढे आयुष्यात जे काही केले, ते तिथे ठरले. मी हजर होतो म्हणून सांगतो.

त्यानंतर तिने सरांचा प्रयोग नव्याने केला. ३९१, ४३६, ४०७, ४२१, ३७८. खाली टीप लिहिली, "किरणोत्सर्गात गणना सुमारे तिच्या वर्गमुळाइतकी वरखाली होते. चारशेचे वर्गमूळ वीस. जिथे आकडे वरखाली होत नाहीत, तिथे मोजणी झालेली नसावी."

सरांनी टीप दोनदा वाचली. पहिल्यांदा त्यांना समजली नाही. दुसऱ्यांदा समजली, आणि ते जास्त वाईट झाले.

"तू मला शिकवतेस? आकडे उड्या मारताहेत नुसते. ही दोन पानं फाड, मास्टर लिही, आत्ता सही देतो. उद्या परीक्षा आहे, लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे सर."

"मग?"

"पानं नाही फाडत."

"मग बस घरी वर्षभर. सगळं हुशारपण निघून जाईल."

दुसऱ्या दिवशी ती सही नसलेले जर्नल घेऊन आली. परीक्षा घ्यायला बाहेरून एक परीक्षक आले होते. त्यांच्यासाठी आमरसाचे जेवण मागच्या खोलीत तयार होते, आणि सर त्यांना तिकडेच नेऊ पाहत होते. दीपमाला आडवी आली आणि म्हणाली, "सर, एक मिनिट मोजून पाहता का? जर्नल नंतर बघा."

परीक्षकांनी मोजले. ४१९. पुन्हा मोजले. ३८८. त्यांनी तिची टीप वाचली. मग टेबलावरच्या बाकीच्या चौदा जर्नलांतले ४१२, ४११, ४१३ पाहिले. त्या माणसाला सगळे कळले, हे मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिले. आणि कळल्यावर तो हळूच काय म्हणाला ऐका.

"बाई, तुझं बरोबर आहे. पण म्हणून बाकीच्यांना नापास करू का? तू परीक्षा दे. मी बसवून घेतो."

तो जेवायला गेला. तिला पन्नासपैकी सव्वीस गुण मिळाले. चौदा जणांना प्रत्येकी पंचेचाळीसच्या वर. ज्यांना काहीच कळत नाही त्यांची मला फारशी चीड नाही. हा मनुष्य जाणणारा होता, म्हणून माझा सगळा तिरस्कार मी त्याच्यासाठी राखून ठेवला आहे.

प्रवेश परीक्षेत दीपमाला उत्तीर्ण झाली. मुलाखतीत तिला विचारले गेले, प्रात्यक्षिकात इतके कमी गुण का? तिने जर्नल पुढे ठेवले. समितीतल्या एका बाईंनी तिथेच कागदावर तिच्या आकड्यांचा प्रसार, म्हणजे ते किती वरखाली होतात ते, काढून पाहिला, तो वर्गमुळाशी जुळला, आणि त्यांनी पुढचा प्रश्न मुऑनांवर विचारला. जर्नल महाविद्यालयात जमा करायला ती आली, तेव्हा हे तिने शकूरभाईंना सांगितले आणि शकूरभाईंनी उकंडरावांना, मुद्दाम, चारचौघांत. आज ती जमिनीखाली खोल असलेल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत कणभौतिकी करते. डोंगराएवढा खडक डोक्यावर असूनही किती मुऑन खाली पोहोचतात, हे तिचा गट मोजतो.

गेल्या वर्षी महाविद्यालयाने तिचा सत्कार ठेवला. चंद्रशेखर सर आता प्राचार्य आहेत. त्यांनी भाषणात सांगितले की दीपमालाला घडवण्यात या प्रयोगशाळेचा वाटा आहे. शाल, श्रीफळ, टाळ्या झाल्या. मग तिला प्रयोगशाळा दाखवायला आणले. टेबलावर या वर्षीची जर्नले मांडलेली होती. तिने एक उघडले. ३९२, ४३५, ४०८, ४२०, ३७९. दुसरे उघडले. ३९०, ४३७, ४०६, ४२२, ३७७.

समोर मयुरी नावाची विद्यार्थिनी उभी होती. दीपमालाने विचारले, "हे तू मोजलंस?"

"नाही ताई. मास्टरमधून घेतलं. तुमचंच हाय ते. लई चांगलं रीडिंग हाय म्हणतात सर."

प्राचार्य कौतुकाने हसत होते. त्यांना वाटले, पाहुणीचा मान वाढला.

दीपमालाने शाल काढून स्टुलावर ठेवली. "कपाटाची किल्ली द्या," म्हणाली.

"कार्यक्रम थांबलाय मॅडम, वर सगळे वाट पाहताहेत," प्राचार्य म्हणाले.

"पाहू द्या."

मला कपाटातून बाहेर काढले. मी बिघडलेलो नव्हतो. पंधरा वर्षे कोणी कळ दाबली नव्हती, एवढेच. मयुरीने घड्याळ लावले, चकती ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक मिनिट माझ्याकडे पाहिले. ४४३. तिचा चेहरा उतरला.

"चुकलं वाटते ताई. एवढं तं कोणाचंच नाही आलं."

"तुझं आलं ना? लिही."

मयुरीने लिहिले. पेनाने लिहिले, शेवटचा आकडा न बदलता. वरच्या सभागृहातून माइकवर पाहुण्यांना तीनदा बोलावणे आले. पण ती दुसरे मिनिट मोजत होती आणि दीपमाला तिच्या शेजारी उभी होती.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, असे तुम्हाला शाळेत सांगतात. मग तुम्ही आम्हाला पुसता, झाकता, हार घालता. त्याला काळजी म्हणू नका. माझी कळ दाबा. माझ्यासमोर पूर्ण एक मिनिट उभे राहा. मी चुकत असेन तर मला उघडून पाहा, आणि तुम्हाला उघडता येत नसेल तर ज्याला येते त्याला मानाने बोलवा. आणि वहीत लिहाल तो आकडा त्याच मिनिटाचा असू द्या. एवढे जमणार नसेल, तर माझ्या कपाटाकडे येऊ नका.