सुरतेची सुरी, महाराजांचं बी

सकाळी अकराच्या उन्हात मंगल कार्यालयाचं पटांगण माणसांनी गच्च भरलं होतं आणि सगळ्यांचे डोळे एका काचेच्या पेल्यावर लागले होते. पेल्यात पाणी होतं. महाराजांनी त्यात तीन चमचे काळपट बी टाकलं आणि वर चार थेंब गोडेतेल सोडलं. तेल म्हणजे माणसाच्या अंगातली चरबी, हे त्यांनी आधीच समजावून सांगितलं होतं. मग टाळ वाजले, भजन सुरू झालं. मधूनमधून महाराज पेला ढवळत आणि "जाग बाबा, जाग" म्हणत. अर्ध्या तासाने त्यांनी पेला उचलला, चारी दिशांना फिरवला आणि उपडा केला.

थेंबभर पाणी सांडलं नाही. तेलाचा तर पत्ताच नव्हता.

बायांनी हात जोडले. शहाद्याहून आलेल्या एका दुकानदाराने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. अक्कलकुव्याहून, मोलगीहून जीप भरून माणसं आली होती. मोलगीकडच्या एका आईच्या कडेवर दोन वर्षांचं लेकरू होतं, त्याच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. त्याला ताप होता म्हणून ती आली होती. चरबी खाणाऱ्या बियाची पुडी महाराजांनी तिच्याही हातावर ठेवली. दान देताना ते माणूस बघत नसत.

"हे बी नाही, हा जीव आहे," महाराज माइकवर म्हणाले. "पाणी मिळालं की जागतो आणि जागला की चरबी मागतो. साखर, दमा, गुडघे, मूळव्याध, सगळ्यांचं मूळ चरबी. आम्ही औषध देत नाही, आम्ही मूळ खातो. पुरावा हवा? पुरावा इथे बसला आहे."

पुरावा व्यासपीठावर प्लास्टिकच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. त्याचं नाव रुचिका. आठ महिन्यांपूर्वी ती एकशे बारा किलो होती, आता सत्तर किलोवर आली होती. तिचा नवरा हेमकांत दुसऱ्या रांगेत बसला होता. गावच्या हायस्कुलात तो विज्ञान शिकवायचा. पेल्यातलं तेल कुठे गेलं, भजन बरोबर अर्धा तासच का चालतं, हे या अख्ख्या मांडवात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आणि त्याच्याइतकं गप्पही कोणी बसलं नव्हतं.

गप्प बसायला कारण होतं. रुचिकाला धाप लागायची, साखर वाढली होती, रात्री श्वास अडकायचा. दोघांनी विचार करून सुरतेच्या डॉक्टरकडून तिचं ऑपरेशन करून घेतलं. पोटातली जठराची पिशवी बरीचशी कापून काढली आणि केळ्याएवढी बारीक नळी ठेवली. त्यात लाजण्यासारखं काय होतं? पण हेमकांतची आई सुंदरबाई यांना घाम फुटला. धाकट्या जगदीशची सोयरीक जुळत आली होती. मोठ्या सुनेला खाणं आवरेना म्हणून पोट कापावं लागलं, हे व्याह्यांच्या कानावर गेलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. गावात सांगितलं, रुचिका माहेरी गेली आहे. घरातले सगळे ही मूठ घट्ट आवळून बसले.

वजन मात्र मुठीत मावेना. महिन्या-महिन्याला ब्लाउज आवळावे लागत आणि शेजारच्या गजराबाई विचारत, काय करते गं ही? सहा महिने झाल्यावर सुरतेच्या आहारतज्ज्ञ बाईंनी जेवणाच्या कागदावर चिया बी लिहून दिलं. बद्धकोष्ठाला बरं म्हणून रोज एक लहान चमचा, रात्रभर पाण्यात भिजवून, आणि कोरडं कधीच नाही. कोरडं नाही या शब्दांखाली त्यांनी लाल रेघ मारली होती. एका सकाळी गजराबाई विरजण मागायला आल्या आणि ओट्यावर तो बुळबुळीत वाडगा त्यांना दिसला. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. सुंदरबाईंना चटकन काही सुचेना. नदीपलीकडच्या मठातल्या महाराजांचा अंगारा नुकताच घरी आला होता, तेवढंच डोक्यात आलं.

"महाराजनं बी शे वं ते," त्या म्हणाल्या. "तेन्हामुळेच उतरनी ती."

झालं. दुपारपर्यंत गल्लीला कळलं, तिसऱ्या दिवशी मठाला. आपण चमत्कार केला आहे हे महाराजांनाही लोकांकडूनच समजलं. माणूस हुशार. त्याने नाही म्हटलं नाही. बी कसलं ते हळूच काढून घेतलं, पोतं मागवलं आणि पुड्या बांधल्या. महिन्याभरात अंगारा मागे पडला आणि मठावर पाटी लागली: जीवबीज.

रुचिकाला रात्र रात्र झोप येईना. गजराबाईंना जुना मधुमेह होता, रोज पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागे. एक दिवस त्या हसत हसत सांगून गेल्या की सुईला त्यांनी रामराम ठोकला.

"गजराकाकूनी सुई सोडी दिन्ही," रुचिका नवऱ्याला म्हणाली. "मन्हाकडे देखीसन. आपण सांगी देऊत."

हेमकांतने वर्तमानपत्राची घडी घातली. त्यालाही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटून घेण्याला काही किंमत पडत नाही, म्हणून तर ते इतकं चालतं.

"जगदीशनं लगीन व्हई जाऊ दे," तो म्हणाला. "मंग सांगी देसूत."

लगीन सव्वा महिन्यावर होतं. आणि त्याआधी महाराजांचा हा मोठा कार्यक्रम आला. रुचिका आली नाही तर लोक काय म्हणतील, असं सुंदरबाई म्हणाल्या. तिने फक्त खुर्चीवर बसायचं, एवढंच ठरलं होतं.

महाराजांनी ऐन वेळी ठरलेलं मोडलं. त्यांनी पुडी फोडली, मूठभर कोरडं बी रुचिकाच्या ओंजळीत ओतलं आणि लोकांना सांगितलं की भिजवून घेतात ते कच्चे भक्त, पक्का भक्त बी पोटातच जागवतो. मांडव टाळ्यांनी दणाणला. रुचिकाने मान उचलून दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. ती काय विचारते आहे ते हेमकांतला समजलं. तिसऱ्या रांगेत व्याही भीमसिंगभाऊ बसले होते. हेमकांतने नजर खाली घातली आणि चपलेचा अंगठा न्याहाळत राहिला.

तिने ओंजळ तोंडात रिकामी केली. महाराजांनी स्वतःच्या तांब्यातलं पाणी तिला पाजलं.

पाच मिनिटं काही झालं नाही. मग तिने छातीवर हात ठेवला. तोंडातून लाळ गळायला लागली, तीही गिळता येईना. ती खुर्चीतून पुढे वाकली, डोळे पांढरे व्हायला लागले.

"घाबरू नका," महाराज माइकवर म्हणाले. "चरबी सुटते आहे, वर येते आहे. तिला पाणी पाजा, भरपूर पाजा."

एका बाईने तांब्या पुढे केला आणि हेमकांत उठला. तो व्यासपीठावर कसा चढला ते त्याला नंतर आठवलं नाही. त्याने तांब्या उडवला आणि माइक ओढून घेतला.

"पानी नका देऊत," तो ओरडला. "ते बी पानीमा फुगस. तिनं पोट कापेल शे, सुरतले. ऑपरेशन व्हयेल शे. वजन त्यानी उतरेल शे, ह्या बीनी नही. आम्ही खोटं सांगं. मी खोटं सांगं."

 कोणीतरी म्हणालं, मास्तर चळला. महाराज कानाला हात लावून म्हणाले की श्रद्धा डळमळली म्हणून बी कोपलं आहे. पण तोवर जगदीशने गाडी मांडवाच्या तोंडाशी आणली होती.

नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली. अन्ननळीच्या तळाशी फुगलेल्या बियांचा गोळा बसला होता, ओल्या सिमेंटसारखा. तो थोडा थोडा काढायला दीड तास लागला. डॉक्टर बाहेर आले आणि हेमकांतला एकच विचारलं, आहाराचा कागद दिला नव्हता का? दिला होता, असं तो म्हणाला. 

रुचिका वाचली. चार दिवसांनी भीमसिंगभाऊ भेटायला आले. सुंदरबाई दाराआड उभ्या राहिल्या, आता सोयरीक मोडली या धास्तीने. भीमसिंगभाऊ चहा घेता घेता म्हणाले, "मन्ही मोठी बहीणनं तेच ऑपरेशन व्हयेल शे, नाशिकले. तुम्ही इचारतात ते मी डॉक्टरना नंबर देतू." तेवढंच बोलून त्यांनी हळदीची वेळ विचारली. ज्या भीतीपोटी एवढं सगळं घडलं होतं, तिला जागाच नव्हती.

पुढच्या सोमवारी हेमकांतने पारावर टेबल मांडलं. किराणा दुकानातून आणलेलं चिया बी पेल्यात टाकलं, तेल सोडलं, चमचा फिरवला आणि भजनाऐवजी अर्धा तास दोनपासून तीसपर्यंत पाढे म्हटले. पेला उपडा केला, काही सांडलं नाही. त्याने समजावून सांगितलं: या बियाला पाणी शोषायला एवढा वेळ लागतो, म्हणून भजन अर्ध्या तासाचं. त्याभोवती चिकट थर धरतो, तेलाचे बारीक कण त्यात अडकतात, म्हणून तेल दिसत नाही. बाजारातल्या फालुद्यातला सब्जाही असाच फुगतो, आणि आजवर फालुदेवाल्याच्या पाया कोणी पडलं नाही. थोडी माणसं हसली. महाराज त्याआधीच रातोरात नवापूरमार्गे गुजरातेत गेले होते, त्यामुळे हसायला आता धोका नव्हता.

हसणाऱ्यांत गजराबाई नव्हत्या. सुई सोडल्याच्या दुसऱ्या महिन्यात त्यांच्या पायाला जखम झाली होती, ती चिघळली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. गुडघ्याखाली कापावा लागला. हेमकांत त्यांना भेटायला गेला तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. महाराजाला शिक्षा व्हायला हवी, असं काहीतरी तो बोलू लागला. त्यांनी हाताने त्याला थांबवलं.

"महाराजवर मन्हा इस्वास नव्हता रे भाऊ," त्या म्हणाल्या. "असा महाराज येतस अन् जातस. मी तुन्हा घरवर इस्वास ठेवा. मास्तरना घरमा खोटं नही चालाव, असं माले वाटनं."

  तेव्हापासून दर सत्राच्या पहिल्या तासाला हेमकांत फळ्यावर काही न लिहिता ही सगळी हकिगत वर्गाला सांगतो, स्वतःचं नाव न गाळता. शेवटी एवढंच सांगतो: कोणी बरं झालं असं ऐकलंत तर आधी विचारा, त्याने आणखी काय केलं? कोणत्या डॉक्टरकडे गेला? आणि डॉक्टरने दिलेलं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका.  आणि तुम्हाला खरं माहीत असेल, तो म्हणतो, तर ते त्याच दिवशी सांगा. लगीन होईपर्यंत थांबू नका.