बरोबर दोन

"मौसी, हे सगळे बाद काहून केले?" अंबरीशनं डबा टेबलावर पालथा केला. दुपारपर्यंत मोजलेल्या दोनशे रेझिस्टरांपैकी नऊच पास झाले होते.

"दोन नाही दाखवत ते," कुसुमबाई म्हणाली. "कोणी एक पॉइंट अठ्ठ्याण्णव, कोणी सत्त्याण्णव. तुम्हीच म्हटलं ना, मीटरवर दोन पायजे."

रांझीतल्या त्या स्टॅबिलायझरच्या कारखान्यात ती बावीस वर्षं बोर्ड भरत होती, म्हणजे सर्किटवर सुटे भाग बसवत होती. दहावीला गणितानं तिला तीनदा लोळवलं, तेव्हा भावानं "इथं गणित लागत नाही" म्हणून आणून बसवलं, आणि खरंच कधी लागलं नाही. तांदळाएवढ्या रेझिस्टरवर रंगांचे पट्टे असतात. ते ओळखले की झालं. लाल-काळा-लाल, म्हणजे मीटरवर दोन, ही तिची मिरची, तपकिरी-काळा-लाल तो पानाला लावायचा काथा. सगळी लाइन तिच्याच नावांनी माल मागायची. इंजिनिअर होऊन आलेला अंबरीशही दोन महिन्यांत 'मिरची संपली' म्हणू लागला.

मग रक्तातल्या साखरेनं डोळ्यामागचा पडदा खाल्ला आणि रंग एकमेकांत मिसळू लागले. गेल्या महिन्यात चाळीस बोर्ड परत आले. मिरचीच्या जागी काथा. कुणी विचारायच्या आत ती उभी राहून म्हणाली, "माझेच आहेत." मालक तिला पॅकिंगला हलवणार होते. अंबरीशनं शब्द टाकला: एक दिवस द्या, मौसी मीटर लावून मोजतील. आज तो दिवस होता.

"अहो, अठ्ठ्याण्णव म्हणजे दोनच समजायचं."

"मग कमी काहून दाखवून राहिलं?"

"पाच पर्सेंट इकडेतिकडे चलता है, मौसी. शंभरात पाच. मग दोनात किती, सांगा बरं?"

शेकडेवारी. शाळेत ती याच धड्यापाशी अडली होती. खरं तर तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. संध्याकाळी भाजी कशाची करायची, एवढंच डोक्यात आलं.

"मी कागदावर लिहून देऊ का? एक नव्वदपासून दोन दहापर्यंत सब चलेगा."

"हे दोनचं झालं. बाकीच्या रंगांचे अठरा डबे?"

"अठराही लिहून देतो ना."

"अठरा कागद पाहत बसली तर माझ्यापायी लाइनीतल्या पुढच्या पाच पोरी हात बांधून बसतीन, साहेब. जाऊ द्या. मी जातो पॅकिंगले."

अंबरीशनं टेबलावरचे रेझिस्टर परत डब्यात भरले. मग "अच्छा" एवढंच म्हणाला.

तिच्या जागी शेवटच्या टेबलावरची गीतांजली आली आणि अवघडून उभी राहिली. "मौसी, आजचा दिवस तुम्हीच बसा ना."

कुसुमबाईनं स्टुलाची गोल बैठक चार फेरे फिरवून खाली घेतली. गीतांजली चांगलीच बुटकी होती.

"बस. पाय लटकले की संध्याकाळपर्यंत कंबर धरते. टेकले काय?"

"टेकले."

"दोन्ही?"

"दोन्ही, मौसी."

मग कुसुमबाईनं आपला जेवणाचा डबा उचलला आणि ती पॅकिंगकडे गेली.