ऐकू न येणारा आवाज

आकारामआप्पांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी थरथरायला लागला. बत्तीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काम केलेला हात. आता रिमोटचं एक बटण दाबायला जावं, तर बोट भलतीकडंच पडायचं. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. त्यांचा मुलगा जोतीराम, त्याचं मंगळवार पेठेत टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्यानं आप्पांच्या पलंगाशेजारी मोठ्या बटणांचा बोर्ड बसवून दिला. आप्पा म्हणाले, "बरं हाय," आणि पंख्यासाठी सुनेलाच हाका मारत राहिले.

मग धम्मपालनं एक डबी आणली.

धम्मपाल उचगावचा. जोतीराम आणि तो आयटीआयला एका बाकावर होते. पुढं धम्मपालनं डिप्लोमा केला, डिग्री केली आणि आता तो एका कॉलेजात शिकवायचा. सहा रविवार तो आप्पांजवळ नुसता बसून गेला होता. हात कसा उचलतात, कुठं जास्त कापतो, सगळं वहीत लिहून घेत होता. सातव्या रविवारी त्यानं साबणाच्या वडीएवढी डबी टीव्हीच्या कपाटावर ठेवली.

"आप्पा, हात वर करा. कशाला शिवायचं न्हाय."

आप्पांनी हात उचलला. पंखा फिरायला लागला. हात खाली आणला, पंखा थांबला. डावीकडून उजवीकडं नेला तसं टीव्हीवरचं चॅनेल बदललं.

"आयला! जादू हाय का काय?"

"जादू कसली! यातनं आवाज सुटतोय. इतका बारीक की आपल्या कानाला कळत न्हाय. तो तुमच्या हातावर आपटून माघारी येतोय, आणि हात कुठनं कुठं गेला ते डबीला समजतंय. वटवाघूळ अंधारात कसं फिरतंय? तसंच."

"आणि ही थरथर?"

"ती धरायची न्हाय असं शिकवलंय डबीला."

आप्पा लहान पोरासारखे हसले. जोतीराम दारात उभा होता. त्यालाही हसायला हवं होतं, पण हसू आलं नाही.

पुढचे आठ दिवस घरात माणसांची रीघ लागली. आप्पा प्रत्येकाला हात हलवून दाखवायचे. कुणी विचारायचं, "जोतीरामनं केलंय व्हय?" "छ्या! धम्मानं." ते 'छ्या' जोतीरामला दिवसभर टोचत राहायचं. बायको वर्षाराणी म्हणाली, "तुमचाच दोस्त हाय की," तर तो तिच्यावरच खेकसला.

पुढच्या रविवारी आप्पांनी ट्रंकेतून आपला मायक्रोमीटर काढला. केसाएवढी जाडी मोजायचा, मखमली पेटीतला. लहानपणी जोतीरामनं त्याला नुसतं बोट लावलं म्हणून फटका खाल्ला होता. आप्पांनी तो धम्मपालच्या हातात ठेवला. "तुला कामाला येईल."

जोतीराम चहा तसाच टाकून दुकानात गेला.

दुकानात एका गिऱ्हाइकाचं उंदीर पळवायचं मशीन दुरुस्त होऊन पडलं होतं. तेसुद्धा माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतं, जवळपास डबीच्याच पट्टीतला, म्हणजे डबीला गोंधळवणारा. जोतीरामला हे माहीत होतं. रात्री त्यानं ते घरी आणलं आणि आप्पा झोपल्यावर टीव्हीच्या कपाटामागच्या सॉकेटला लावलं.

दुसऱ्या दिवशी डबी बिथरली. आप्पा हात वर करायचे, पंखा ढिम्म. मधेच आपोआप सुरू व्हायचा, मधेच चॅनेल पळायचं. आता म्हातारा वैतागेल, डबीला आणि धम्मपालला शिव्या देईल, याची जोतीराम वाट बघत होता.

आप्पांनी शिव्या दिल्या नाहीत. ते हात उचलत राहिले. सकाळी, दुपारी, पुन्हा संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी वर्षाराणी म्हणाली, "आप्पांचा खांदा सुजलाय. सारखी प्रॅक्टिस करत्यात."

जोतीराम आप्पांजवळ गेला. आप्पांनी हात चादरीखाली घेतला होता.

"धम्माला काय सांगू नकोस, जोत्या. पोरानं जीव लावून केलंय. डबी ठीक हाय. माझाच हात आता कामातनं गेला."

जोतीराम मशीन काढायला कपाटाकडं वळला. पण त्याच क्षणी मनात आलं, की स्वतःचा हात गेला म्हणतील, पण धम्मावर बोल येऊ देणार नाहीत. तो तसाच बाहेर जाऊन बसला.

रविवारी धम्मपाल आला. वर्षाराणीनं त्याला फोन केला होता. त्यानं आप्पांना हात उचलायला लावला, दोनदा, तीनदा. मग तो पलंगाजवळ खाली बसला.

"आप्पा, चूक माझी. थरथर वाढंल हे मी धरलंच न्हाय. तुमचा हात चांगला हाय, माझंच गणित चुकलं."

जोतीरामला ते बघवलं नाही. त्यानं कपाट पुढं ओढलं, मशीन उपटलं आणि जमिनीवर ठेवलं.

"कुणाचंबी चुकलं न्हाय. हे उंदराचं मशीन मी लावलतं, डबी बिघडावी म्हणून. आता करा हात वर."

आप्पांनी हात वर केला. पंखा फिरला.

"का रं?" आप्पांनी विचारलं.

"सगळं त्यालाच. तुमचं कौतुक त्याला, मायक्रोमीटर त्याला. मी काय परका हाय?"

"त्याला बोट लावलं म्हणून तुला मारलं, ते ध्यानात हाय माझ्या. त्यामुळंच तुला द्यायला धीर झाला न्हाय," आप्पा म्हणाले. मग आवाज चढला. "पण आठ दिवस मला लुळा केलास, जोत्या! त्याचं काय?"

धम्मपाल उठला, चपला घालून निघून गेला.

तीन रविवार तो आला नाही. चौथ्या रविवारी जोतीरामच उचगावला गेला. धम्मपाल अंगणात गाडी पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

"माफी मागायला आलोय."

"आप्पांचं सगळं चालतंय न्हवं?"

"चालतंय. तुझी वाट बघत्यात."

धम्मपालनं फडकं पिळलं. "मी पाचवीत असताना बाप गेला माझा. ते सहा रविवार मी डबीसाठी आलतो असं वाटतं तुला? एवढ्यासाठी एवढं बसावं लागत न्हाय, जोत्या. घरी जाताना तुझाच राग यायचा मला. याला बाप रोज मिळतोय, आणि हा दुकानात बसतोय."

जोतीराम पायरीवर टेकला.

"लगेच पहिल्यासारखं जमंल असं न्हाय म्हणत मी," धम्मपाल म्हणाला. "पण बस. भाकरी खाऊन जा."