वळून आलेली बहीण

वरुणरावांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि तीही भर प्रयोगशाळेत, अकरावीच्या पोरांसमोर!

तंजावूरच्या त्या शाळेतून बंगळूरच्या विज्ञान शिबिराला एकालाच जायला मिळणार होतं. निवड करायला बसले होते भौतिकशास्त्राचे वरुणराव आणि गणिताच्या सुंदरीबाई. दोघंही राजवाड्यामागच्या गल्लीतली, घरी मराठी बोलणारी. परीक्षा तमिळमध्ये चालायची आणि पोरांबद्दलचे शेरे मराठीत. पोरांना काय कळतंय, अशी दोघांची ठाम समजूत.

निवडीसाठी आलेली अकरावीची कीर्तना फळ्यापाशी आली. म्हणाली, दोन जुळ्या बहिणी. एक घरीच राहिली. दुसरी जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं ताऱ्यापर्यंत जाऊन परतली. परतलेलीचं वय कमी.

“चूक!” वरुणराव तमिळमध्ये कडाडले. “जाणारीच्या दृष्टीनं पृथ्वीच पळाली. दोघींनाही दुसरीचं घड्याळ हळू दिसणार. मग वयं सारखीच.” मागची पोरं खिदळली. रावांना चेव आला. सुंदरीबाईंकडे वळून ते मराठीत म्हणाले, “पाठ करूनशी आली आहे. डोस्क्यांत कायीं नाहीं.”

कीर्तनाचा चेहरा पडला. पण ती जागची हलली नाही. तिनं फळ्यावर दोन वाटा काढल्या, एक सरळ, एक वळशाची, आणि शेजाऱ्यांकडून ऐकून शिकलेल्या भाषेत अडखळत बोलू लागली. मराठीत.

“तिरुवैयारूला वळसा घालूनशी गेलं तर गाडीचं मीटर जास्ती फिरतं, नाहीं का, सार? काळाचं उलटं आहे. वळशाच्या वाटेवर घड्याळ कमी चालतं. आणि मधेच वळली ती बहीण. पृथ्वी वळली नाहीं. म्हणूनशी दोघी सारख्या नाहींत.”

सुंदरीबाईंनी मान खाली घातली. रावांचे कान तापले. पोरीचं खरं होतं. इतकी वर्षं हा धडा शिकवून तिथल्या वळणाकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं, आणि वर तिचीच अक्कल काढली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

“तुझं बरोबर आहे, अम्मा,” लेकीला म्हणावं तसं ते मराठीतच पुटपुटले. “मी चुकलों. शिबिरास तूच जा.”

मागच्या पोरांना त्यातलं अवाक्षर कळलं नाही. ती अजून दात काढत होती.

कीर्तनानं खडू टेबलावर ठेवला. डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

“चूक म्हणून तुम्ही तमिळांत सांगट्लं, सार. हे पण तमिळांत सांगा.”