माझ्यावरचा डावा पाय

मी कॅनव्हास बोलतोय. चार फूट बाय तीन फूट, जाड सुती कापड, पाठीला लाकडी चौकट. बसा निवांत. तुमचा नंबर यायला वेळ आहे.

माझा जन्म फ्रेमवाल्या चाचांच्या दुकानात झाला. त्यांनी मला पक्कडीनं असं ताणलं, की टिचकी मारली तर मी ढोलासारखा वाजावा. वर पांढऱ्या लेपाचे तीन हात दिले. मग जिना चढून त्यांनी मला चित्रकार बाईंच्या हवाली केलं. बाई त्यांच्याच माडीवर भाड्यानं जागा घेऊन काम करायच्या. पंधरा वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यावर त्यांना पहिलं मोठं प्रदर्शन मिळालं होतं.

गॅलरीवाल्या साहेबांनी फर्मावलं होतं, "सध्या सूफी जोरात आहे. उंच टोपी, पांढरा घेरदार झगा आणि गिरकी! अशी सात चित्रं द्या, भिंत तुमची."

बाईंनी मोबाइलवर फोटो शोधले आणि भराभर सहा दर्वेश, म्हणजे गिरक्या घेणारे सूफी फकीर, रंगवले. सातवा माझ्यावर. काय झगा फुलला होता म्हणून सांगू! माझी तर कॉलर ताठ झाली.

फ्रेमची मापं घ्यायला चाचा वर आले. माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"छान आहे हो, पोरी. पण याचे पाय कुठायत?"

"फोटोत नव्हते, चाचा."

"मग हा फिरतोय कशावर?"

बाई हसल्या. चाचा मात्र स्टुलावर बसले आणि त्यांनी डाव्या पायातला मोजा काढला. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात जुना पांढरट वण होता.

"तरुणपणी तीन वर्षं मी खानकाहीत होतो. सूफींचा मठच म्हण. तिथे फळीवर खिळा ठोकलेला. तो या बेचक्यात धरून जागच्या जागी फिरायचं. पाय सरकावा म्हणून फळीवर मीठ. आधी सालटी निघायची, मग त्यावर मीठ झोंबायचं. आणि गंमत अशी, की 'वा, मी काय सुंदर फिरतोय' असं नुसतं मनात आलं, की खिळा सुटलाच! माणूस धाडकन खाली."

"मग सोडलंत का ते?"

"सोडलं कुठे? करवत चालवताना तेच तर करतो."

चाचा गेले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. पाच मिनिटांत टोपी गेली, झगा गेला, गिरकीही गेली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

दुसऱ्या दिवसापासून चाचा रोज दुपारी तासभर पाय उघडा टाकून बसू लागले.

"नखं कापून येऊ का?"

"अजिबात नाही."

पहिल्या दिवशी बोटांचे बटाटे झाले. बाईंनी खरवडून काढले. चार वेळा काढलं, चार वेळा खरवडलं. पण हळूहळू त्यांचं मोबाइलकडे बघणं थांबलं, मग पुटपुटणंही. अकराव्या दिवशी माझ्यावर एक डावा पाय उभा होता. खाली फळी, खिळा, सांडलेलं मीठ.

साहेब बघून उडालेच. "दिवाणखान्यात पाय कोण लावेल हो?"

"हा नसेल तर ते सहाही नाहीत," बाई म्हणाल्या.

साहेबांनी नाक मुरडत मला मागच्या दाराशी टांगलं. सहा दर्वेश दोन दिवसांत खपले. माझ्यासमोर लोक मान वाकडी करायचे आणि पुढे सटकायचे.

तिसऱ्या दिवशी चाचांबरोबर चाची आल्या. जन्मात गॅलरीची पायरी चढलेल्या नव्हत्या. चष्मा लावून वाकल्या.

"डावा. बरोब्बर यांचाच. पण टाचेची भेग आतल्या बाजूला आहे, बाई. बाहेर नाही. तीस वर्षं मलम मी चोळतेय, मला विचारायचं की!"

चाचांनी छताकडे बघितलं. बाईंनी पिशवीतून ब्रश आणि रंग काढला आणि भर गॅलरीत जमिनीवर बसकण मारली.

"इथे?"

"अजून खाली. हां, आता झाला माझ्या घरचा पाय."

भोवती ही गर्दी जमली! त्यातल्या पायांच्या डॉक्टरीणबाई पोटभर हसल्या आणि मला घेऊन आल्या.

म्हणून मी आज या दवाखान्यात आहे. बाईंनी पुढे कुणाला दर्वेश काढून दिला नाही. सध्या म्हणे रोज सकाळी दुकानात जाऊन बसतात आणि चाचांचा करवतीवरचा हात काढतात. अजून जमलेला नाही, आणि त्या मजेत आहेत.

माझंही बरं चाललंय. लोक चपला काढून आपला पाय माझ्याशी ताडून बघतात. फक्त पुसताना ओलं फडकं लावू नका, एवढी विनंती.

कालचीच गोष्ट. ऑपरेशन होऊन महिना झाला तरी वॉकरला हात न लावणारे एक आजोबा समोर बसले होते. त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, "त्या पायाला काय झालंय गं?"

"काही नाही, आजोबा. शिकतोय."

"या वयात?"

"हो."

आजोबांनी पेपरची घडी घातली. इकडे तिकडे बघितलं. मग सोबत आलेल्या मुलाला म्हणाले, "आण तो वॉकर इकडे."

बघा, पुकारा झाला. तुमचाच नंबर ना? उठा मग. हळूहळू.